चष्मा, तानपुरा आणि सहा दिवस: वायरलेस हेडफोन पारखायचा कसा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: कान पूर्ण झाकणारा वायरलेस हेडफोन पहिल्यांदाच घेतला आहे आणि परत करायच्या मुदतीतले सहा दिवस उरले आहेत. ज्यांनी ज्यांनी वापरला ते म्हणतात याचा बेस दणदणीत आहे, पण तुम्हाला तो पातळ वाटतो. मीटिंगमध्ये बोलायला लागलं की आवाज एकदम जुन्या टेलिफोनसारखा होतो. तुम्हाला चष्मा आहे. रोज तासाभराचा प्रवास, दिवसा मीटिंगा आणि रात्री झोपण्याआधी शास्त्रीय गाणं, असा तुमचा वापर. नग खराब निघाला, निवड चुकली की कानातच काही दोष आहे, असं तुम्ही विचारलंय.

बहुधा यातलं काहीच नाही. मी ध्वनिमुद्रणाच्या कामात वीसेक वर्षं आहे, दिवसाचे सहा-सात तास हेडफोन डोक्यावर असतो, आणि या काळात जेवढे हेडफोन पारखले त्यातून एक गोष्ट पक्की झाली आहे. हेडफोनचा आवाज हेडफोनमध्ये तयार होतच नाही. तो हेडफोन आणि तुमचं डोकं यांच्यामध्ये तयार होतो. त्यामुळे दुसऱ्याच्या डोक्यावर तो कसा वाजला हे वाचून तुमच्या डोक्यावरचा निकाल लागत नाही. परत पाठवण्याआधी चष्म्याकडे बघू.

हेडफोनमधला ड्रायव्हर म्हणजे एक छोटासा पडदा. स्पीकरसारखी खोलीभर हवा हलवायचं त्याचं काम नाही. कानाभोवती टेकणाऱ्या मऊ पॅडच्या आत अडकलेल्या वाटीभर हवेवरचा दाब तो कमी-जास्त करतो. खालच्या स्वरांना हा दाब टिकून राहावा लागतो. कुठे फट असेल तर हवा तिथून निसटते आणि बेस गळून जातो. मधले आणि वरचे स्वर मात्र जवळपास तसेच राहतात, म्हणून आवाज बिघडलाय असं वाटत नाही, नुसता ‘पातळ’ वाटतो. चष्म्याची काडी पॅडला कातडीपासून एक-दोन मिलिमीटर उचलते. बेस घालवायला तेवढं पुरतं. जाड केस, मोठे कानातले, दाढी यांनीही तेच होतं.

हे तपासायला पाच मिनिटं लागतात. मोबाइलवर स्वर वाजवणारं एखादं साधं ॲप घ्या आणि ४० ते ६० हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांच्या) आसपासचा अखंड स्वर लावा. आवाज मध्यम ठेवा, एएनसी म्हणजे नॉइज कॅन्सलेशन बंद ठेवा. आता दोन्ही तळव्यांनी कप, म्हणजे कान झाकणाऱ्या वाट्या, अगदी हलके, बोटाने दरवाजा लोटावा तेवढेच दाबा. स्वर एकदम भरून आला, तर फट आहे. मग चष्मा काढा आणि हात न लावता ऐका. चष्मा काढल्यावर जो भरीव आवाज येईल तो या हेडफोनचा खरा आवाज. लोक ज्या बेसबद्दल बोलतात तो हाच. जोरात मात्र दाबू नका. पॅड चेपला की ड्रायव्हर कानाच्या जवळ येतो आणि मग तुम्ही निराळाच आवाज ऐकता.

फट सापडली तर ती कुठे आहे हे बोटांनी शोधता येतं. काडीजवळ ती असतेच, पण पुष्कळ वेळा खरी गळती कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या मागे जी खोलगट जागा असते तिथे असते. तिथे पॅड टेकतच नाही. हेडबँड एक खाच लांब करून कप थोडे खाली घ्या, मग किंचित पुढे, मग किंचित मागे सरकवून पाहा. काडी पॅडच्या मधोमध दबण्याऐवजी वरच्या कडेशी गेली तरी फरक पडतो. पातळ काडीचा जुना चष्मा असेल तर तो लावून बघा. नंतर एएनसी चालू करून हीच चाचणी पुन्हा करा. ज्या हेडफोनमध्ये कपाच्या आतही मायक्रोफोन असतो, त्यात आतला मायक्रोफोन बेस कमी पडल्याचं ओळखतो आणि यंत्रणा तो काही प्रमाणात भरून काढते. त्यामुळे चष्मा लावणाऱ्यांना बरेचदा एएनसी चालू असताना बेस अधिक सारखा मिळतो. तुमच्या हेडफोनमध्ये असं होत असेल तर अर्धी तक्रार इथेच मिटेल.

उरलेली अर्धी तक्रार रात्रीची असावी असा माझा अंदाज आहे. झोपण्याआधी तुम्ही हळू आवाजात ऐकत असणार. बेल लॅब या अमेरिकन प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं की आवाज जसजसा हळू होतो तसतसे खालचे स्वर आपल्याला प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतात. कानाची घडणच तशी आहे. हळू ऐकायचं असेल तर हेडफोनच्या ॲपमधल्या इक्वलायझरने, म्हणजे खालचे-वरचे स्वर वेगवेगळे कमी-जास्त करायच्या सोयीने, १०० हर्ट्झच्या खालचा भाग तीन-चार डेसिबलने वर घ्या. यात काही चुकीचं नाही. इक्वलायझर वापरणं म्हणजे मूळ आवाजाशी छेडछाड असं मानणारे लोक भेटतात, मला ते पटत नाही. वायरलेस हेडफोनच्या आत आधीच एक इक्वलायझर सतत चालू असतो, तो कारखान्यात कुणीतरी लावलेला असतो एवढंच.

आता आवाजाची पारख. इथे सगळ्यात जास्त लोक फसतात, आणि फसवणारी गोष्ट असते आवाजाची पातळी. दोन हेडफोनांपैकी एक डेसिबलभर मोठा वाजला, तर तो मोठा आहे असं कानाला जाणवत नाही. तो ‘अधिक स्पष्ट’, ‘अधिक मोकळा’, ‘अधिक जिवंत’ वाटतो. नवीन असताना मी एक जोडी दहा मिनिटांत नापास केली होती. तिला मंद म्हटलं, कंटाळवाणी म्हटलं. दुसऱ्या दिवशी एका ज्येष्ठ सहकाऱ्याने दोन्हींची पातळी जुळवून दिली आणि डोळे मिटून ऐकायला लावलं. मी तीच जोडी निवडली. त्यानंतर पातळी न जुळवता केलेल्या तुलनेवर मी विश्वास ठेवलेला नाही, स्वतःच्याही नाही.

घरी पातळी जुळवायची सोपी रीत सांगते. जाड पुठ्ठ्याचा एक तुकडा घ्या, मधोमध मोबाइलच्या मायक्रोफोनएवढं भोक पाडा, त्यावर कप उपडा ठेवा आणि खालून मोबाइलचा मायक्रोफोन भोकाला लावा. डेसिबल दाखवणारं कोणतंही ॲप चालेल. आकडा खरा किती हे महत्त्वाचं नाही, दोन्ही हेडफोनांना तो सारखा यायला हवा. वाजवायला बोलण्याचं ध्वनिमुद्रण घ्या, बेसचं गाणं नको. तुलनेला दुसरा हेडफोन नसेल तर जुना वायरचा इअरफोन घ्या, पण तो पुठ्ठ्यावर मोजता येत नाही, म्हणून त्याच्याशी पातळी कानानेच जुळवा. बोलणारा माणूस दोन्हींत सारख्याच अंतरावर बसल्यासारखा वाटला पाहिजे.

ऐकायला सुरुवातही बोलण्यानेच करा, गाण्याने नको. माणसाचा आवाज कसा असतो हे आपल्या कानाला जन्मापासून पाठ आहे, तिथे हेडफोनला लबाडी करता येत नाही. ज्याला रोज समोरासमोर ऐकता अशा घरातल्या कुणाला तरी दोन मिनिटं मजकूर वाचायला लावा आणि शांत खोलीत मोबाइलवर मुद्रित करा. मग हेडफोनवर ऐका. पुरुषाचा आवाज छातीतून, पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा येत असेल तर १५० ते २५० हर्ट्झचा भाग फुगवलेला आहे. नाकातून आल्यासारखा वाटला तर एक किलोहर्ट्झच्या आसपास उंचवटा आहे. ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचत असतील तर पाच ते आठ किलोहर्ट्झमध्ये टोक निघालेलं आहे.

मराठीत आपल्याकडे एक फार उत्तम चाचणी आयती आहे. ‘चंद्र’मधला च आणि ‘चांदणं’मधला च हे दोन वेगळे उच्चार आहेत. चांदण्यातल्या च मध्ये स चा अंश असतो, त्याची सळसळ जास्त वरच्या पट्टीत असते. चंद्रातल्या च ची घसट त्याहून खाली. ‘चंद्राचं चांदणं’ एवढे दोनच शब्द मुद्रित करा आणि ऐका. दोन्ही च स्वच्छ वेगळे आले आणि तरी कोणताही टोचला नाही, तर वरचा भाग बरोबर जमला आहे. दोघे एकमेकांत मिसळले तर वरचा भाग दाबलेला आहे. चांदण्यातला च सुरीसारखा आला तर तो उगाच उचललेला आहे. हे शब्द लक्षात ठेवा, मीटिंगच्या प्रश्नात ते पुन्हा लागणार आहेत.

मग तानपुरा. तुम्ही शास्त्रीय ऐकता म्हणून सांगते, आणि खरं तर कुणालाही हेच सांगेन. नुसत्या तानपुऱ्याचं, जवारी चांगली काढलेलं एखादं स्वच्छ मुद्रण लावा. तारा छेडल्या जातात त्या पंचम, दोन जोड (मधला सा) आणि खर्ज (खालचा सा). पण कान स्थिरावला की त्यात कुणी न छेडलेला गंधार ऐकू येऊ लागतो. हा स्वयंभू गंधार म्हणजे षड्जाच्या तारेचा पाचवा उपस्वर, मूळ स्वराच्या पाचपट कंपनांचा. तानपुरा काळी एकमध्ये लावला असेल तर खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झला असते आणि तिचा गंधार ३४७ च्या आसपास पडतो, जोडाचा ६९३ च्या आसपास. म्हणजे हेडफोनच्या बरोबर मधल्या भागात. ज्या हेडफोनने बेस फुगवून मधला भाग मागे ढकलला आहे, त्यावर खर्ज घुमत राहतो आणि गंधार बुडतो. गंधार ऐकण्यासाठी आवाज वाढवावासा वाटला तर समजा की मधला भाग कमी आहे. उलट हळू आवाजातही गंधार आपोआप वर तरंगत आला तर तो हेडफोन गाण्याला चांगला. मी नवी जोडी हातात आली की पहिल्या तासात ही चाचणी करते आणि बाकीच्या चाचण्यांनी तिचा निकाल क्वचितच फिरवला आहे.

तबल्याने बेसचा पोत कळतो. डग्ग्यावर मनगटाने दाब देऊन ‘घे’ची मींड घेतली जाते, तिचा स्वर खालून वर सरकतो. चांगल्या बेसमध्ये ही सरकण ऐकू येते, स्वर कुठून निघाला आणि कुठे पोचला ते सांगता येतं. वाईट बेसमध्ये प्रत्येक घे सारखाच ‘ढप्प’ येतो. बेस किती आहे हे सगळे विचारतात. त्यात स्वर कळतो का, हे विचारायला हवं.

डावी-उजवी बाजू सारखी आहे का हे बघायला तेच बोलण्याचं मुद्रण मोनोमध्ये, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज येईल असं, लावा, आवाज कपाळाच्या मधोमध यायला हवा. एका बाजूला झुकला तर हेडफोन उलटा घाला. झुकाव उलट कानाकडे गेला तर नगात दोष आहे, त्याच कानाकडे राहिला तर तुमच्या कानांतला फरक आहे किंवा त्या बाजूला काडीची फट आहे. मग २० हर्ट्झपासून वर चढत जाणारा स्वर लावून कुठे खरखर, फरफर येते का ऐका. ती आली तर दुसरा विचार नको, नग बदलून घ्या.

‘साउंडस्टेज’बद्दल, म्हणजे वाद्यं आजूबाजूला पसरल्यासारखी वाटतात त्याबद्दल, तुम्ही विचारलंय. बंद कपाच्या हेडफोनमध्ये ती मर्यादितच असते. त्यासाठी यात वेळ घालवू नका.

आलेख पाहून गोंधळलात असंही लिहिलंय, तर त्याबद्दल थोडं. कोणता स्वर किती मोठा वाजतो हे दाखवणारे हे आलेख कृत्रिम कानावर मोजलेले असतात. तीन किलोहर्ट्झच्या आसपास दिसणारा डोंगर हा दोष नाही. आपली कर्णनलिका साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते आणि ती तिथेच अनुनाद देते, म्हणून तो डोंगर असायलाच हवा. हार्मन या ध्वनी-उपकरणांच्या कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ऐकणाऱ्याला कोणता हेडफोन आहे ते कळणार नाही अशा पद्धतीने बऱ्याच चाचण्या घेतल्या आणि बहुतेकांना साधारण एकाच घडणीचा आवाज आवडतो असं त्यांना आढळलं. त्यावरून काढलेली रेषा तुम्हाला अनेक आलेखांवर दिसते. ती उपयोगी आहे, पण ती सरासरी आहे. आठ किलोहर्ट्झच्या पुढचे चढउतार तर प्रत्येक कानागणिक बदलतात, तिथला आलेख वाचून तुमच्या कानाबद्दल काही ठरवू नका. महाग म्हणजे चांगला असंही नाही. ध्वनिसंशोधक येरून ब्रेबार्ट यांनी २०१७ मध्ये २८३ हेडफोनांची मोजमापं तपासली, तेव्हा किंमत आणि आवाजाची घडण यांचा संबंध त्यांना सापडला नाही. आणि खोक्यावर लिहिलेलं ‘२० हर्ट्झ ते ४० किलोहर्ट्झ’ सरळ सोडून द्या. त्या पल्ल्यात आवाज किती डेसिबल वरखाली होतो हे लिहिलेलं नसेल तर त्या आकड्यांना अर्थ नाही.

नॉइज कॅन्सलेशनकडून काय अपेक्षा ठेवायची हे कळलं की निम्मी निराशा टळते. बाहेरचा आवाज मायक्रोफोनने टिपायचा, त्याची उलटी लहर तयार करायची आणि दोघांना एकमेकांत विरवायचं, ही कल्पना जुनी आहे. पॉल ल्यूग यांना तिचं अमेरिकन पेटंट १९३६ मध्ये मिळालं होतं. अडचण वेळ साधण्याची असते. १०० हर्ट्झच्या आवाजाची एक लहर जवळपास साडेतीन मीटर लांब असते, तिच्यावर उलटी लहर बसवायला सवड मिळते. १००० हर्ट्झला ती ३४ सेंटिमीटर उरते आणि त्याच्या वर काम झपाट्याने अवघड होतं. म्हणून इंजिनाची घरघर, पंख्याचा घुमणारा आवाज, एसीचा गुणगुणाट विरतो, आणि शेजारच्याचं बोलणं, भांड्यांचा आवाज, हॉर्नचं टोक तेवढं विरत नाही. वरचे आवाज अडवायचं काम पॅडचं. म्हणजे इथेही पुन्हा चष्म्याची फट आलीच. तिच्यातून दोन्ही बाजूंनी नुकसान होतं, गाण्याचा बेस बाहेर जातो आणि गोंगाट आत येतो.

ही चाचणी दुकानात किंवा घरच्या सोफ्यावर होत नाही. तुमच्या रोजच्या प्रवासात करा, एकदा जाताना आणि एकदा येताना. पहिली दहा मिनिटं काही वाजवू नका, नुसतं ऐका. घरघर किती उरली? गाडी खड्ड्यातून गेली किंवा तुम्ही पायऱ्या उतरलात तेव्हा कपात थडथड, फटफट असा आवाज येतो का? काही यंत्रणा अचानक आलेल्या दाबाने गोंधळतात आणि असा आवाज करतात. चालताना वारा समोरून आला तर मायक्रोफोनवर घोंघावतो का? मग शांत खोलीत एएनसी चालू करा आणि बारीक हिस्स ऐकू येतो का बघा. थोडा चालेल, पण हळुवार गाण्याच्या मागे तो ऐकू येत राहिला तर रोज रात्री त्रास देईल. आणि कानात दडे बसल्यासारखं वाटतं का? खरा दाब वाढलेला नसतो, खालचे आवाज अचानक नाहीसे झाल्यामुळे मेंदूला तसं वाटतं. काहींना चार दिवसांत सवय होते, काहींना डोकं दुखतं. दुखणाऱ्यांनी सवयीची वाट बघू नये.

एएनसी चालू आणि बंद असताना गाण्याचा आवाज बदलतो का हेही बघून घ्या. काही हेडफोनांत दोन वेगळ्या वस्तू वाटाव्यात एवढा फरक असतो. तसं असेल तर तानपुऱ्याची चाचणी दोन्ही वेळा करा आणि जी अवस्था तुम्ही जास्त वापरणार तिचाच निकाल धरा.

एएनसीचा माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा शांतता हा नाहीच. गोंगाटात आपण गाणं गोंगाटाच्या वर नेतो, आणि नेलंय हे आपल्याला कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची मर्यादा आठवड्याला ४० तास ८० डेसिबल अशी आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८३ ला २० तास, ८६ ला १०. घरघर विरली की तेच गाणं कमी आवाजात पुरतं. प्रवासात एएनसी चालू केल्यावर आवाज दोन-तीन पायऱ्या खाली आणता आला, तर तो हेडफोन तुमच्या कानांसाठी काहीतरी चांगलं करतोय.

आता मीटिंगमधला टेलिफोन. हा दोष तुमच्या नगाचा नाही, जुन्या ब्लूटूथच्या रचनेचा आहे. गाणं ऐकताना ब्लूटूथ एकाच दिशेने, चांगल्या दर्जाचा स्टिरिओ आवाज पाठवतो. तुम्ही हेडफोनचा मायक्रोफोन सुरू केला की त्याच वाटेने दोन्ही दिशांचा आवाज न्यावा लागतो, म्हणून संगणक फोनकॉलच्या अवस्थेत जातो. तिथे आवाज मोनो होतो आणि सेकंदाला ८ हजार किंवा फार तर १६ हजार नमुने घेतले जातात. ८ हजार नमुन्यांत ४ किलोहर्ट्झच्या वरचं काहीच मावत नाही. मघाचं ‘चंद्राचं चांदणं’ मीटिंगमध्ये कुणाला तरी म्हणायला सांगा, दोन्ही च जवळजवळ सारखे ऐकू येतील.

यावरचा उपाय फुकट आहे. मीटिंगच्या ॲपमध्ये स्पीकर म्हणून हेडफोन निवडा आणि मायक्रोफोन म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा. हेडफोनचा मायक्रोफोन सुरूच झाला नाही की आवाज पूर्ण दर्जाचा राहतो, आणि शांत खोलीत समोरच्यालाही तुमचा आवाज बरेचदा अधिक चांगला पोचतो. काही संगणकांवर एकच हेडफोन दोन नावांनी दिसतो, तिथे ‘हँड्सफ्री’ लिहिलेलं नाव टाळा. गोंगाटात बसून बोलायचं असेल तेव्हा मात्र हेडफोनचाच मायक्रोफोन लागेल, म्हणून तोही तपासा. पंखा जोरात लावून, नळ चालू ठेवून स्वतःचं बोलणं मुद्रित करा आणि नंतर ऐका. गोंगाट कापताना शब्दांची टोकं कापली जात असतील, ‘उद्या’चं ‘उद्’ होत असेल, तर ऐकणाऱ्याला ते फार थकवतं. एलई ऑडिओ ही ब्लूटूथची नवी पद्धत आणि तिचा एलसी-३ कोडेक (आवाज आकसून पाठवायची रीत) २०२० मध्ये जाहीर झाला. त्यात दोन्ही दिशांना चांगला आवाज जाऊ शकतो, पण हेडफोन आणि संगणक दोन्हींत ती असायला हवी.

कोडेकवर तुम्ही बरंच वाचलेलं दिसतंय, आणि मला वाटतं त्याची काळजी गरजेपेक्षा जास्त करताय. सीडीचा डेटा सेकंदाला १४११ किलोबिट असतो. प्रत्येक ब्लूटूथ हेडफोनमध्ये असावाच लागणारा एसबीसी त्याच्या नेहमीच्या उच्च दर्जावर ३२८ किलोबिट वापरतो, एलडॅक हा दुसरा कोडेक जास्तीत जास्त ९९० पर्यंत जातो आणि सिग्नल कमजोर झाला की ६६० किंवा ३३० वर उतरतो. आयफोनमध्ये एलडॅक नाहीच, तिथे एएसी चालतो. शांत खोलीत, चांगल्या मुद्रणावर, लक्ष देऊन ऐकलं तर फरक कधीकधी कळतो. चष्म्याच्या काडीने होणारा फरक मात्र कुणालाही, पहिल्या सेकंदात कळतो. तुमच्या कामाचं तेवढं बघा: मोबाइल मागच्या खिशात ठेवून चालताना आवाज तुटतो का, कारण ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी आपलं पाण्याने भरलेलं शरीर शोषून घेतं. मोबाइल आणि लॅपटॉप एकाच वेळी जोडलेले असताना फोन आला तर हेडफोन आपणहून तिकडे वळतो का. आणि व्हिडिओत ओठ आणि शब्द जुळतात का. व्हिडिओची ॲप ब्लूटूथमुळे आवाजाला होणारा उशीर भरून काढतात, गेम काढत नाहीत.

टिकाऊपणाचा अंदाज सहा दिवसांत पुरता येत नाही, पण काही गोष्टी डोळ्यांनी दिसतात. बॅटरीची काळजी लोक जास्त करतात. ३० तास चालणारा हेडफोन रोज ३ तास वापरला तर वर्षाला ३६-३७ पूर्ण चार्ज होतात, आणि लिथियम बॅटरी काहीशे चार्ज सहज काढते. तिला मारते ती उष्णता आणि महिनोन्महिने पूर्ण भरून ठेवणं. आधी मोडतात ते सांधे. माझी एक जोडी दीड वर्षात गेली, कप आणि हेडबँड जोडणाऱ्या बिजागरीपाशी प्लास्टिकला केसासारखी चीर गेली होती. तो भाग सुटा मिळत नाही असं उत्तर मिळालं. उत्तम वाजणारे दोन ड्रायव्हर केवळ एका बिजागरीपायी अडगळीत गेले, याचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून मी कप पूर्ण फिरवून, हेडबँड ताणून, प्रकाशासमोर धरून बिजागरी बघते. आत धातू आहे का, ताण एकाच पातळ टोकावर येतो का, कुरकुर होते का.

पॅड तर झिजणारच. कृत्रिम चामडं घाम आणि दमटपणाने सोलवटतं. पॅड ओढून निघतात का आणि त्याच मॉडेलचे सुटे मिळतात का हे आजच बघा. मिळेल ते दुसरं पॅड लावू नका, जाडी आणि कापड बदललं की आवाजाची घडणही बदलते.

सहा दिवसांचं म्हणाल तर आज रात्री फट आणि डावं-उजवं तपासा, म्हणजे नग सदोष असेल तर बदलायला वेळ राहील. उद्या-परवा प्रवास आणि मीटिंग. रात्री बोलणं, तानपुरा, तबला, रोज थोडं थोडं, कारण थकलेल्या कानाला सगळंच सारखं लागतं. नव्या आवाजाची सवय व्हायला तीन-चार दिवस लागतात. हेडफोन ‘मोकळा’ होतो असं लोक म्हणतात, त्यात पॅड मऊ पडणं थोडं आणि आपली सवय बरीच असते. पाचव्या दिवशी पुन्हा जुन्या इअरफोनवर तीच तीन मुद्रणं ऐका. काय गमावलं आणि काय मिळवलं हे तेव्हा नीट कळतं.

एक दिवस पूर्ण वेळ, चष्म्यासकट, सलग दोन तास हेडफोन घालून बसा. गाणं नसलं तरी चालेल. २५० ग्रॅमचा हेडफोन आणि ३८५ ग्रॅमचा हेडफोन यांतला फरक पहिल्या दहा मिनिटांत कळत नाही, दीड तासानंतर टाळूवर कळतो. काडी कानामागच्या हाडावर दाबली जाते का बघा. दाब जास्त असेल तर जाड पुस्तकांच्या गठ्ठ्यावर, डोक्यापेक्षा किंचित रुंद, रात्रभर ताणून ठेवल्याने थोडा सैल पडतो. पण सैल केला की फट वाढते, म्हणून सकाळी ४० हर्ट्झची चाचणी पुन्हा करा. काडीपाशी दुखतंय आणि सैल केल्यावर बेस जातोय असं दोन्ही होत असेल, तर तानपुरा कितीही सुरेख वाजला तरी तो हेडफोन सहाव्या दिवसाच्या आत परत पाठवा आणि खोल, मऊ पॅडचा दुसरा बघा.